एकच गाणं सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये: घरच्या मिक्सिंगसाठी मी कसं निवडलं

घरी गाणी मिक्स करायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ असं कुणालाही विचारा, जो जे वापरतो तेच तो सांगतो. आणि त्यात त्याचंही चुकत नाही, कारण त्याचा हात त्यावर बसलेला असतो. मला शोधताना याद्या भरपूर मिळाल्या, टॉप टेन आणि बेस्ट अमुक तमुक, पण स्वतःच्या एका गाण्यावर ताडून बघून मग ठरवलं असं सविस्तर फार कुठे वाचायला मिळालं नाही. मी ते नुकतंच केलंय, सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढते.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण निवड त्यावरच ठरते. मी गाते, गिटार वाजवते. गाण्यात मेन आवाज, त्याचे डबल, दोन-तीन हार्मनी, गिटारचे दोन टेक, बेस, थोडा कीबोर्ड, आणि ड्रम्स मित्र त्याच्याकडे वाजवून वेव्ह फाइल्स पाठवतो. म्हणजे बीट बनवणं, लूप जुळवणं हे माझं काम नाही, आधीच गायलेलं-वाजवलेलं आहे ते एकमेकांत नीट बसवायचं. लॅपटॉप विंडोजचा, फार ताकदीचा नाही, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार लॅपटॉपला जोडायचा डबा) आणि बंद हेडफोन, एवढाच संसार.

यातूनच बरीच नावं आपोआप गळली. लॉजिक प्रो आणि गॅरेजबँड फक्त ॲपलच्या मशीनवर चालतात, त्यामुळे प्रश्नच मिटला, पण ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी गॅरेजबँड आधी उघडावं असं मला मनापासून वाटतं, ते फुकट येतं आणि त्यातलं गाणं पुढे थेट लॉजिकमध्ये उघडतं. एफएल स्टुडिओ 1997 मध्ये फ्रूटीलूप्स म्हणून आलं तेव्हापासून त्याचा जीव पॅटर्नमध्ये, म्हणजे परत परत वाजणाऱ्या छोट्या तुकड्यांमध्ये आहे, एकदा घेतलं की पुढची अपडेट्स आयुष्यभर फुकट ही त्यांची गोष्ट फार भारी आहे, पण माझी लांबच लांब गायलेली ट्रॅक्स तिथे पाहुण्यासारखी वाटायची. ॲबलटन लाइव्हचंही तसंच, स्टेजवर लूप सोडत वाजवणाऱ्याला त्याचा सेशन व्ह्यू म्हणजे सोनं, मला त्याचा उपयोग नाही.

ऑडॅसिटीबद्दल जरा थांबून सांगते कारण सुरुवात बहुतेकांची तिथूनच होते, माझीही तिथूनच झाली. रेकॉर्ड करणं, कापणं, नॉइज कमी करणं यासाठी ते आजही माझ्याकडे आहे. पण मिक्सिंग वेगळी गोष्ट आहे. मिक्स करताना आपण ईक्यू (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारा इफेक्ट) लावतो, ऐकतो, दहा मिनिटांनी बेस आल्यावर परत तोच ईक्यू थोडा हलवतो, म्हणजे काहीच पक्कं होत नाही शेवटपर्यंत. ऑडॅसिटीत वर्षानुवर्षं इफेक्ट लावला की तो थेट फाइलवर छापला जायचा, गाणं चालू असताना बदलता येणारे इफेक्ट त्यात 2022 मध्ये आले, आणि बस-सेंड असं राउटिंग, म्हणजे अनेक ट्रॅक एका सामाईक ट्रॅकवर वळवणं, अजून त्याच्या रचनेत नाही. हे सेंड प्रकरण मला हवंच होतं. सगळ्या आवाजांवर वेगवेगळा रिव्हर्ब (खोलीतला घुमारा) लावण्यापेक्षा एकच रिव्हर्ब एका वेगळ्या ट्रॅकवर ठेवायचा आणि प्रत्येक आवाजातून हवा तेवढा भाग तिकडे पाठवायचा, की सगळे एकाच खोलीत उभे राहून गातायत असं वाटतं, आणि लॅपटॉपवरचा भारही कमी होतो.

मग उरलेल्यांच्या ट्रायलच्या अटी आधी वाचून काढल्या, आणि हे काम डाउनलोडच्या आधीच करावं कारण अटी फार वेगवेगळ्या असतात. रीपर 60 दिवस पूर्णच्या पूर्ण वापरायला देतं, काहीही बंद नसतं. लाइव्हची ट्रायल 30 दिवसांची. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये गाणं सेव्ह होतं पण विकत घेईपर्यंत ते परत उघडत नाही, म्हणजे एका बैठकीत काय ते बघून घ्या. वेव्हफॉर्म फ्री फुकट आहे आणि ट्रॅक्सवर मर्यादा नाही. आर्डर हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये त्याला मोठा मान आहे. क्यूबेस आणि लाइव्ह यांच्या छोट्या आवृत्त्या बऱ्याचदा इंटरफेस किंवा कीबोर्डबरोबर मिळतात, तुमच्या खोक्यात एखादं लायसन्स न वापरता पडलेलं असेल तर आधी ते काढून बघा खरंच.

आता मुख्य गोष्ट. मी ठरवलं की वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळं काही करत बसायचं नाही, सगळीकडे एकच गाणं. आणि गाणंही मुद्दाम त्रास देणारं निवडलं, ज्यात माझा ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात, ओळींची शेवटची अक्षरं श्वास संपत आल्यामुळे खाली जातात, आणि अंतऱ्यात गिटार आणि आवाज एकमेकांच्या अंगावर येतात. सगळ्या ट्रॅक्स एकाच ठिकाणापासून सुरू होणाऱ्या, 24 बिट, 48 किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइल्स करून एका फोल्डरमध्ये ठेवल्या. मग प्रत्येक ठिकाणी तीच कामं त्याच क्रमाने: फाइल्स आत आणणं, लेव्हल लावणं, गिटारचा एक टेक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे, आवाजाला 80 हर्ट्झच्या खालचं कापणं, एक रिव्हर्ब सेंडवर, एका अंतऱ्याचं व्हॉल्यूम ऑटोमेशन (गाणं चालताना आवाज आपोआप वर-खाली होणं), आणि एक्स्पोर्ट. कुठे हात अडतो ते वहीत लिहीत गेले.

वही भरायच्या आधीच एक भलतीच गोष्ट समोर आली. दोन सॉफ्टवेअर्समध्ये नुसत्या लेव्हल्स, सगळे फेडर (आवाजाचे सरकते खटके) शून्यावर, कुठलाही प्लगइन (वरून जोडलेला इफेक्ट) नाही, तरी गाणं वेगळं ऐकू येत होतं! एकात आवाज पुढे, जवळ, आणि दुसऱ्यात गिटार अशी छान पसरलेली आणि आवाज किंचित मागे. आता हेच ऐकून लोक म्हणतात की अमक्याचं इंजिन वॉर्म आहे, तमक्याचं वाइड आहे, आणि ऐकताना ते पटतंही, मला पटायलाच लागलं होतं. पण आकडे तेच, फाइल्स त्याच, मग बेरीज वेगळी का यावी.

तर मी नल टेस्ट केली. ही टेस्ट घरी कुणालाही करता येते आणि ती करावीच. दोन्हीकडून तेच गाणं डिदर (एक्स्पोर्टमध्ये मिसळली जाणारी बारीक खरखर) बंद ठेवून एक्स्पोर्ट करायचं, दोन्ही फाइल्स एकाच प्रोजेक्टमध्ये दोन ट्रॅक्सवर अगदी एकाच बिंदूपासून ठेवायच्या आणि एकीची फेज उलटी करायची, म्हणजे बहुतेक ठिकाणी एक छोटं बटण असतं ते दाबायचं. दोन्ही फाइल्स तंतोतंत सारख्या असतील तर एक वर जाते तेव्हा दुसरी तेवढीच खाली जाते आणि हाती शांतता येते. सारख्या नसतील तर जो फरक आहे तेवढाच ऐकू येतो. मी प्ले दाबलं तर गिटार गायब आणि माझा आवाज, बेस, मधले ड्रम्स हे बारीक आवाजात शिल्लक! म्हणजे पूर्ण डावी-उजवीकडे असलेलं सगळं जुळत होतं आणि मध्ये असलेलं जुळत नव्हतं.

कारण होतं पॅन लॉ. मोनो ट्रॅक मधोमध ठेवला की तो दोन्ही स्पीकरमधून येतो, त्यामुळे मोठा वाटतो, म्हणून काही सॉफ्टवेअर्स मध्यभागी त्याला 3 डेसिबल खाली घेतात आणि बाजूला नेत गेलं की परत वर आणतात. काही सॉफ्टवेअर्स डीफॉल्टमध्ये असं काहीच करत नाहीत. एकाची सेटिंग शून्य, दुसऱ्याची उणे 3, त्यामुळे दुसऱ्यात आवाज गिटारपेक्षा 3 डेसिबल मागे गेला होता. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जाऊन दोन्हीकडे शून्य केलं, परत एक्स्पोर्ट, परत फेज उलटी, आणि मीटर हललासुद्धा नाही. पूर्ण शांतता. मी व्हॉल्यूम शेवटपर्यंत वाढवून बघितला, काही नाही.

त्या दिवसापासून ‘साउंड कुठल्याचा चांगला’ हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला. आजकालची ही सगळी सॉफ्टवेअर्स आत 32 किंवा 64 बिट फ्लोटमध्ये बेरीज करतात, आणि बेरीज ती बेरीजच. आवाजात फरक पडतो तो प्लगइन्समुळे, डीफॉल्ट सेटिंगमुळे, फाइलचा सॅम्पल रेट आणि प्रोजेक्टचा सॅम्पल रेट वेगळा असेल तर त्या रूपांतरामुळे, आणि सगळ्यात जास्त आपल्या हातामुळे. हॅरिसन मिक्सबससारखं एखादं मुद्दाम कन्सोलचा रंग आत घालून बनवलेलं असतं, तो अपवाद.

याच्याच जोडीला दुसरी खबरदारी, दोन मिक्सची तुलना करताना त्यांचा मोठेपणा सारखा करून घ्या. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे 1933 मध्ये मोजून दाखवलंय, त्यामुळे जरा मोठं वाजणारं मिक्स नेहमी भरलेलं, श्रीमंत वाटतं आणि आपण त्यालाच पसंती देतो. मी युलीन लाउडनेस मीटर, ज्याची फुकट आवृत्ती मिळते, ते मास्टरवर लावून दोन्ही मिक्स एकाच एलयूएफएसवर (हे मोठेपणा मोजायचं एकक) आणून मगच ऐकत होते. एवढं केलं की निम्मे वाद तिथेच संपतात.

मग निवड कशावर करायची? माझ्या मते तीन गोष्टींवर: आपल्या मशीनवर ते कसं चालतं, आपल्या रोजच्या कामात हात किती वेळा अडतो, आणि पाच-दहा वर्षांनी आपलं गाणं परत उघडेल का.

मशीनचं थोडक्यात सांगते. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा आला की सूर आणि लय दोन्ही हलतात. लॅपटॉप एका वेळी जेवढा आवाज साठवून मग पुढे देतो तो बफर, 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण 2.7 मिलिसेकंद, 1024 म्हणजे 21 च्या वर, आणि हे एका बाजूचं, जाऊन-येऊन त्याहून जास्त होतं. म्हणून रेकॉर्ड करताना बफर लहान आणि मिक्स करताना मोठा, हे सगळीकडे सारखंच. विंडोजवर यासाठी इंटरफेस बनवणाऱ्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारा) टाकायचा, तो नसेलच तर एएसआयओफोरऑल. पण त्याच बफरला, त्याच प्लगइन्सना एका सॉफ्टवेअरमध्ये माझा लॅपटॉप कटकट आवाज काढायला लागायचा आणि दुसऱ्यात निवांत चालायचा, हा फरक मात्र खरा निघाला. तो तुमच्या मशीनवर वेगळा निघू शकतो म्हणून त्याचं नाव घेत नाही, स्वतःच लावून बघा. रीपरमध्ये परफॉर्मन्स मीटर आहे, कुठला ट्रॅक किती सीपीयू खातोय ते ओळीने दिसतं, आणि जड ट्रॅक फ्रीज करून, म्हणजे इफेक्टसकट तात्पुरता छापून टाकता येतो, मग हवं तेव्हा परत मोकळा. माझ्यासारख्या मध्यम लॅपटॉपवाल्यांना ही फार मोठी सोय आहे.

आता हात अडण्याबद्दल, कारण खरा निर्णय इथे झाला. माझ्या गाण्यातल्या त्या ओळींच्या शेवटच्या अक्षरांचंच उदाहरण घेते. ओळ ताकदीने सुरू होते आणि शेवटचा स्वर श्वासाबरोबर खाली जातो. याला फेडरचं ऑटोमेशन दिलं तर ते कॉम्प्रेसरच्या (मोठा भाग दाबून आवाज सारखा करणाऱ्या इफेक्टच्या) नंतर होतं, म्हणजे कॉम्प्रेसरला आधी ओळीचा मोठा भाग जोरात दाबावा लागतो आणि मग आपण खालचा भाग वर उचलतो, आवाज दमलेला वाटतो. मला ते कॉम्प्रेसरच्या आधी करायचं होतं, प्रत्येक अक्षरावर, पटापट. रीपरमध्ये ट्रॅकला इफेक्टच्या आधीचं व्हॉल्यूम एन्व्हलप (वर-खाली ओढायची रेघ) वेगळं मिळतं, किंवा ओळ कापून त्या तुकड्याचाच व्हॉल्यूम वर-खाली ओढता येतो आणि वेव्हफॉर्म लगेच तेवढी मोठी-लहान दिसते. मी अंतऱ्यातला एकेक शब्द कापत, उचलत गेले आणि मग कॉम्प्रेसर लावला तर त्याची सुई जेमतेम तीन-चार डेसिबल हलत होती आणि आवाज तरी सगळीकडे सारखा, जवळचा. हे काम बाकीच्या ठिकाणीही होतं, बहुतेक सगळीकडे क्लिप गेन असतोच, पण कुठे दोन क्लिक जास्त, कुठे वेगळी खिडकी, आणि एका गाण्यात हे शेकडो वेळा करायचं म्हटलं की ते दोन क्लिकच भारी पडतात.

तसंच टेक निवडण्याचं. मी एक ओळ खूपदा गाते, मग त्यातले चांगले तुकडे जोडते. रीपर 7 पासून, म्हणजे 2023 पासून, लेन्स, म्हणजे ट्रॅकच्या आत पट्ट्या, आल्यात, टेक एकाखाली एक दिसतात आणि हवा तो भाग नुसता माउसने पुसत गेलं की तो निवडला जातो. क्यूबेसमध्येही लेन्स आहेत आणि तिथेही हे काम फार सुंदर होतं, खरं सांगायचं तर दिसायला तिथलं मला जास्त आवडलं. क्यूबेस 1989 पासून चालत आलंय, व्हीएसटी प्लगइन हा प्रकारच ते बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने 1996 मध्ये आणला, तो मुरलेपणा कळतो. ज्यांचं मिडीचं (आवाजाऐवजी सुरांच्या सूचना नोंदवण्याचं) काम जास्त आहे, वाद्यांचे आवाज सॉफ्टवेअरमधूनच हवेत, त्यांनी त्याकडे नक्की बघावं.

मी शेवटी रीपर घेतलं. ते कुणी बनवलं हे वाचून मजा वाटली, विनॲम्प हा गाणी वाजवायचा प्लेअर ज्याने बनवला त्या जस्टिन फ्रँकेलच्याच कॉकोस कंपनीचं हे आहे. इन्स्टॉलर इतका छोटा की आधी वाटलं अर्धवटच उतरलाय. घरगुती वापरासाठी सवलतीचं लायसन्स आहे आणि त्यात सॉफ्टवेअर तेच, काही काढून घेतलेलं नाही, आणि ते पुढच्या एका पूर्ण आवृत्तीपर्यंत चालतं. सोबतचे ईक्यू, कॉम्प्रेसर दिसायला अगदी साधे, रंगरंगोटी काही नाही, पण काम चोख. त्या टोचणाऱ्या ‘स’साठी मी टीडीआर नोव्हा हा फुकटचा डायनॅमिक ईक्यू घेतला, साधारण साडेसहा किलोहर्ट्झच्या आसपास तो जोरात आला की तेवढाच दाबला जातो आणि बाकी शब्द उघडे राहतात. सुरुवातीला प्लगइन विकत घ्यायची गरजच नाही हे माझं ठाम मत झालंय, नाकापेक्षा मोती जड होऊन बसतो.

रीपर कुणी घेऊ नये तेही सांगते. वाद्यांचे तयार आवाज त्यात जवळजवळ नाहीत. मेनू लांबलचक आहेत, प्रत्येक गोष्ट बदलता येते म्हणजे प्रत्येक गोष्ट ठरवावीही लागते. उघडलं की लगेच सुचायला लागलं पाहिजे, समोर काहीतरी सजवून ठेवलेलं हवं, अशी ज्यांची गरज आहे त्यांना ते कोरडं वाटेल. मला कोरी पाटीच आवडते. पहिल्या आठवड्यात मी मिक्स बाजूला ठेवून फक्त शॉर्टकट लावले, ट्रॅक टेम्प्लेट बनवलं (मेन आवाज, डबल, हार्मनी, सगळ्यांची एक बस, रिव्हर्ब आणि डिले तयार), आता नवीन गाणं उघडलं की थेट कामाला लागता येतं.

राहिलं पाच-दहा वर्षांनी गाणं उघडण्याचं. हा मुद्दा मी केकवॉक या अशाच एका सॉफ्टवेअरमुळे धरून बसले. इतकं जुनं नाव, 2017 मध्ये गिब्सन या त्याच्या मालक कंपनीने त्याचं काम थांबवलं आणि ज्यांची सगळी गाणी त्यात होती ते अधांतरी, मग 2018 मध्ये बँडलॅब कंपनीने ते घेतलं म्हणून सुटले. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, हे होऊ शकतं. रीपरची प्रोजेक्ट फाइल साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, तो एक दिलासा, पण मी त्यावर विसंबत नाही. गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक दोनदा एक्स्पोर्ट करते, एकदा कोरा आणि एकदा इफेक्टसकट, सगळे पहिल्या सेकंदापासून सुरू होणारे, फाइलच्या नावात गाण्याचा टेम्पो आणि सॅम्पल रेट, आणि हा फोल्डर वेगळ्या ड्राइव्हवर. मित्राला ड्रम्स परत वाजवायचे असतील तरी हाच फोल्डर जातो, तो कुठलं सॉफ्टवेअर वापरतो हे विचारावंही लागत नाही.

जुनी गाणी आता एकेक करून इकडे आणतेय. पॅन लॉ आधी बघते, मग फेडरला हात लावते.